न आलेल्या प्रवाशांचे सर

सरांना सायकल येत नव्हती. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या परिवहन संशोधन केंद्राच्या प्रमुखाला साधी सायकल येत नाही, ही गोष्ट वर्ध्यात आमच्या केंद्रापेक्षा जास्त लोकांना ठाऊक होती, म्हणून मीही ती आधीच सांगून टाकते. स्कूटर, मोटार वगैरे तर फारच पुढच्या गोष्टी. सर एसटीने फिरत, नाहीतर पायी. कुणी गाडीवर मागे बसा, सोडून देतो म्हटलं, तर हात जोडत. "नको बापा. तुमी चालवान, मी भेईन, अन् दोघाइले तरास होईन."

केंद्र म्हणजे भाड्याच्या घरातल्या दोन-तीन खोल्या, काही लाकडी टेबलं आणि एक लोखंडी कपाट. दारावर पाटी होती. तिच्यावरचा 'परिवहन' एवढाच शब्द वाचून लोक लायसन काढायला आत येत. सर त्यांना हाकलत नसत. बसवत, चहा देत, कुठून आलात, कोणत्या गाडीनं, फाट्यावर किती ताटकळलात, अशी सगळी माहिती काढून घेत आणि चहा संपल्यावर सांगत, की लायसन इथे मिळत नाही. माणूस चिडायचा. सर त्याला पुढच्या गाडीची वेळ सांगून शांत करत.

मी देवळीची. बाबांचं किराणा दुकान होतं आणि भूगोलात एम. ए. झालेल्या मुलीचं पुढे काय करायचं असतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. नव्वदीच्या मधल्या वर्षांत केंद्रात सहायक हवी असल्याचं कळलं, म्हणून मी मुलाखतीला गेले. रात्र रात्र जागून नकाशे वाचून गेले होते. सरांनी विचारलं, "कशा आल्या?"

"बसने."

"बाजूले कोन बसलं होतं?"

"एक बाई होत्या."

"त्या कुठं चालल्या होत्या?"

मी म्हटलं, माहीत नाही. सरांना खरोखर वाईट वाटलं. देवळी ते वर्धा एवढा वेळ एका बाईच्या खांद्याला खांदा लावून बसायचं आणि ती कुठे चालली आहे हे विचारायचं नाही, हे त्यांच्या समजुतीपलीकडचं होतं. "बरं," ते म्हणाले, "सोमवारपासून येजो ताई. शिकू हळूहळू." नकाशांचा विषयच निघाला नाही.

आमचं काम तसं रुक्ष. चौकात खुर्ची टाकून बसायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या रेघा ओढायच्या. स्टँडवर प्रवाशांना गाठून कुठून, कुठे, कशासाठी हे विचारायचं. पुलगावच्या रेल्वे फाटकाशी उभं राहून नाचणगावकडे जाणारी माणसं किती खोळंबतात ते पाहायचं. मग सगळ्याची कोष्टकं करून अहवाल विद्यापीठाला आणि ज्याने काम दिलं असेल त्या खात्याला पाठवायचा. सरांच्या हाताखाली मात्र हे काम कधी रुक्ष झालं नाही, कारण सर त्यात काहीतरी घोळ घालतच.

रस्त्याचे खड्डे मोजायचं एक यंत्र विद्यापीठाने दिलं होतं. ते आलं तेव्हाच बिघडलेलं होतं आणि दुरुस्तीला गेलं ते परत आलं नाही. सरांनी पर्याय काढला. देवळीला पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास हातात धरून ते बसच्या सगळ्यात मागच्या सीटवर बसत आणि पुलगाव येईपर्यंत कुठे किती सांडलं ते मला सांगत. मी लिहून घ्यायची. गाडीचा खरा स्वभाव मागच्या सीटवर कळतो, असं त्यांचं मत होतं. पुढे पुढे त्या मार्गावरचे ड्रायव्हर सरांना ओळखायला लागले आणि ग्लासवाले साहेब चढले की गाडी अशी जपून चालवायचे, की थेंब सांडायचा नाही. सर वैतागले. "याइनं त आपला रस्ता चांगला करून टाकला," ते म्हणाले. त्यानंतर ते ग्लास पिशवीत लपवून नेऊ लागले. त्या काळात सरांच्या विजारीचा एक गुडघा कायम ओला असे.

बोलायला सर वऱ्हाडीच बोलत, विद्यापीठातल्या बैठकीतसुद्धा. आणि कुणालाही भेटले की पहिला प्रश्न तोच, कसे आले? समोरचा "मजेत आहे" म्हणाला की सर गोंधळत, कारण त्यांना गाडीचं विचारायचं असे. सांत्वनाला गेले तरी हेच. पण खरी कमाल त्यांनी माझ्या वेळेस केली. मला पाहायला पाहुणे आले, तेव्हा बाबांनी सरांना वडीलधारे म्हणून बोलावलं होतं. पोहे येण्याआधीच सरांनी मुलाच्या वडिलांना धरलं. ते आष्टीकडून नागपूरमार्गे फिरून आले होते. असा वळसा कुणी घालतो का, म्हणत सरांनी कागदावर रस्ता काढून दाखवला आणि आत्ताची गाडी चुकली तर पुढे कशी पंचाईत होईल ते असं रंगवून सांगितलं, की पाहुणे पोह्यांच्या बश्या अर्ध्या ठेवून उठले. मला कुणी नाव देखील विचारलं नाही. आई डोक्याला हात लावून बसली. लग्न मात्र तिथेच जमलं. माझे यजमान अजून म्हणतात, "तुझे सर नसते, तर मी तुला चार प्रश्न विचारणार होतो."

सरांचं एकच वेड मात्र गंमतीचं नव्हतं. आमच्या प्रत्येक मोजणीत ते एक रकाना जास्त आखायला लावत. त्याचं शीर्षक होतं 'न आलेले'. विद्यापीठातून तपासायला येणारे लोक त्यावर काट मारत. गाडीत बसलेला मोजता येतो, न बसलेला कसा मोजणार? सर शांतपणे म्हणायचे, "जो बसला त्याले त कंडक्टरही मोजते. जो बसला नाई त्याले कोन मोजन?" आणि ते आम्हाला गावात पाठवत, घरोघर. कुठे जायचं होतं आणि जाणं झालं नाही, एवढंच विचारायला. लोक आधी हसत, मग सांगायला लागत. मला ते ऐकणं जड जायचं. सर म्हणत, ऐकून घेणं हेच आपलं काम आहे.

आता ते केंद्र नाही. विद्यापीठाने पुढे ते कुठल्याशा विभागात मिसळून टाकलं, सर निवृत्त झाले आणि त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला त्यांचा चेहरा दिसतो तो आष्टीच्या स्टँडवरचा, म्हणून ती हकीकत सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं व्हायचं नाही.

आष्टी तालुक्यात आडबाजूला एक गाव आहे. तिथे संध्याकाळी मुक्कामी गाडी जायची. म्हणजे एसटी रात्रभर गावातच थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, गावातली घरं पाळीपाळीने त्यांना जेवण द्यायची आणि भल्या पहाटे गाडी आष्टीला परत निघायची. दिवसभर ती दुसऱ्या मार्गांवर फिरायची. ही गाडी रिकामी जाते-येते, तेव्हा ती बंद करावी का हे पाहायला एसटीने आम्हाला सांगितलं होतं. एक आठवडा मोजणी करायची होती.

गाडी खरंच रिकामी होती. दोघं-तिघं चढत, त्यात रोजची अशी एकच. तरुण बाई होती, हातात डबा, काखेत पिशवी. ती आष्टीला बालवाडीच्या शिक्षिकेचा वर्षभराचा वर्ग करत होती. गावात बालवाडी निघणार होती आणि हा वर्ग पुरा केला तरच ती जागा तिला मिळणार होती. तिची सासू रोज पहाटे तिला गाडीपर्यंत सोडायला यायची आणि संध्याकाळी घ्यायला यायची. सासूबाई उंच, करड्या आवाजाच्या. त्या आठवड्यात माझा मुक्काम त्यांच्याच घरी होता आणि सरांचं जेवणही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "गाडी दारातून नेते, दारात आणून सोडते, म्हणून पाठोतो. गाडी नसती त नसती पाठोली."

म्हणजे गाडी गेली की सुनेचा वर्ग गेला, हे मला कळलं होतं. सरांनाही कळलं होतं. ते त्या घरी जेवताना मान वर करत नसत.

शेवटच्या दिवशी पहाटे मी गाडीशी आले आणि पाहतच राहिले. सगळा गाव उभा होता. म्हातारे, बायका, कडेवर पोरं, लग्नाला निघाल्यासारखे ठेवणीतले कपडे. कंडक्टरने गावात सांगून टाकलं होतं, की गाडी बंद होऊन राह्यली आणि मोजणीवाले उद्या शेवटचे आहेत. तो रोज ज्यांच्या घरची भाकर खात होता, त्यांना सांगणारच. पुढचं सगळं सासूबाईंनी केलं होतं. त्या घरोघर फिरल्या होत्या. निंदणाचे दिवस, तरी लोक वावर सोडून, पदरचं तिकीट काढून आले होते.

सर मोजणीचे कागद घेऊन गाडीत फिरायला लागले. कुठे चालले? आष्टीले. कशासाठी? दवाखान्यात. पुढचा? दवाखान्यात. त्याच्या पुढची बाई? दवाखान्यात. सगळ्यांनी एकच उत्तर पाठ केलं होतं. एका आजोबांना सरांनी विचारलं, "काय झालं तुमाले?"

आजोबा विचारात पडले. "अजून त काई नाई झालं," ते म्हणाले. "पण पाहून घेतलेलं बरं." सरांनी ते तसंच लिहून घेतलं.

आष्टीला गाडी रिकामी झाली आणि पुढच्या मार्गावर निघून गेली. सून तिच्या वर्गाला गेली. आणि गाव स्टँडवर उभा राहिला. लोकांनी जाण्याचा विचार केला होता, येण्याचा केलाच नव्हता. गावाला परत जाणारी गाडी एकच, तीही संध्याकाळची. तरणी माणसं दुसरी गाडी धरून फाट्यावर उतरली असती आणि चालत गेली असती, पण म्हातारे आणि लेकुरवाळ्या काय करणार? सगळेच थांबले. शेडखाली जागा धरून बसले. कुणी भाकरी सोडल्या, कुणी आडवं झालं. आम्हीही थांबलो. सर त्यांच्यात मांडी घालून बसले. आजोबा तेवढे, दिवस वायाच चालला आहे तर खरंच जाऊन यावं, म्हणून दवाखान्यात डोळा दाखवायला गेले.

दुपारी सून वर्ग सुटून स्टँडवर आली. गावाला अजून तिथेच पाहून ती दाराशीच थबकली. पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ एक शेंगदाणेवाली बसायची. तिने सुनेला पाहिलं आणि टोपली बाजूला सरकवली. "आली का वं पोरी? ये बस, तुई जागा धरून ठेवली हाय."

सासूबाई उठून तिथे गेल्या. "तू हिले कशी ओळखते?"

"कशी म्हणजे? रोजच असते माया जोळ, गाडी येयेपर्यंत. इथी बसली की कोनी तरास नाई देत."

सासूबाईंना वाटत होतं वर्ग संध्याकाळपर्यंत चालतो. सुनेने तो समज तसाच राहू दिला होता. सासूबाईंनी विचारलं, "काऊन नाई सांगितलं मले?"

सून मान खाली घालून उभी होती. "सांगितलं असतं, त पाठोलं असतं का?"

सासूबाई सुनेच्या बाजूला, शेंगदाणेवालीच्या जवळ बसल्या. ऊन सरकत गेलं तसा सुनेच्या अंगावर आलेला उन्हाचा पट्टा अडवायला त्यांनी आपला पदर धरला. संध्याकाळपर्यंत त्या तशाच बसल्या होत्या. मी सरांकडे पाहिलं. ते त्या दोघींकडे पाहत होते आणि पेन हातात असून लिहीत नव्हते. इतका हळवा झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

गाडी लागली तेव्हा सासूबाईंनी सरांना थेट विचारलं, "आजचा आकडा धरसान ना साहेब?"

सर म्हणाले, "नाई धरता येत, बाई."

"काऊन?"

"तुमी गाडी दाखवाले बसल्या. जायाले नाई."

"मंग आमी दिवसभर कायले बसून राह्यलो?"

वर्ध्याला परतताना मी सरांशी भांडले. एका दिवसाचा आकडा धरला तर कोणाचं काय बिघडतं, असं म्हणाले. सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "एकदा खोटं घातलं ना ताई, त मंग खऱ्यावरही माया भरोसा राहात नाई." मग मध्येच म्हणाले, "पण ते बाई बरोबर बोलली. दिवसभर कायले बसून राह्यले?"

सरांचा एक रिवाज होता. अहवाल पाठवण्याआधी ज्यांच्यावर तो लिहिला, त्यांना तो वाचून दाखवायचा. वऱ्हाडीत, त्यांच्या गावात जाऊन. तसे आम्ही संध्याकाळच्या गाडीने पुन्हा तिथे गेलो. लोक देवळापुढे जमले. सरांनी उभं राहून वाचायला सुरुवात केली. रोज गाडी जवळपास रिकामी असते. शेवटच्या दिवशी गाव मोजणीसाठी बसला होता, तो दिवस धरलेला नाही.

सासूबाई उठल्या. "माया घरची भाकर खाल्ली तुमी. माया ओट्यावर बसून खाल्ली. अन् मायाच गावात येऊन आमची गाडी नेता?"

"खाल्ली, बाई," सर म्हणाले. "पण पुढचं ऐका."

पुढच्या पानावर त्या दिवसाची, स्टँडवरची गोष्ट होती. त्यात कुणाचंच नाव नव्हतं. सकाळी गेलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत परत येता येत नाही, लहानशा कामाला पुरा दिवस जातो, म्हणून लोक कामं सोडून देतात पण गाडीत बसत नाहीत, असं सरांनी लिहिलं होतं. गाव खोटा चढला, पण खोळंबला तो खराच. तेव्हा ही गाडी बंद करू नये. उलट दुपारी आष्टीहून गावापर्यंत आणि परत अशी आणखी एक फेरी द्यावी.

मग आजोबांनी विचारलं, "म्हणजे बंद कराले आलते, अन् वाढवून राह्यले?"

"हो," सर म्हणाले.

सासूबाई अजून उभ्याच होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खाली बसल्या.

विद्यापीठात सरांना खूप ऐकून घ्यावं लागलं. बंद करावी की नाही एवढंच विचारलं होतं, फेरी वाढवायला कुणी सांगितलं? एसटीचे साहेब तर हसले. सर त्यांच्या कचेरीतल्या बाकावर जाऊन बसायला लागले. भांडत नसत, वरच्या आवाजात बोलत नसत. नुसते बसत. कुणी काम विचारलं की म्हणत, "दुपारच्या गाडीची वाट पाहून राह्यलो." शेवटी कंटाळून म्हणा, पटून म्हणा, काही महिन्यांपुरती, सुनेचा वर्ग संपेल तेवढ्या काळापुरती, ती फेरी मंजूर झाली. मुक्कामी गाडीही चालू राहिली.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं आष्टीहून त्या गाडीत बसलो. सर मागच्या सीटवर, मी त्यांच्या बाजूला. सून पुढे खिडकीशी होती. शेंगदाणेवालीने तिच्या पदरात मूठभर दाणे बांधून दिले होते. बाकी माणसं थोडीच होती, पण ज्याला त्याला कुठेतरी जायचं होतं. भर उजेडात गाडी गावात शिरली. गाडी थांबायची त्या वडाखाली सासूबाई उभ्या होत्या. सून उतरली, तशी त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

"तुमी जेवल्या?" सुनेने विचारलं.

"नाई. आता दोघी जेवू."

दोघी घराकडे चालू लागल्या. सासूबाईंनी एकदा मागे वळून गाडीकडे पाहिलं, पण मागच्या काचेआड आम्ही त्यांना दिसलो नसणार. मी उठायला लागले, तर सरांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. चष्मा काढून ते डोळे पुसत होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती. कंडक्टर जवळ आला. "साहेब, गाव आलं. उतरता ना?"

"नाई," सर म्हणाले. "आमी पाहाले आलतो."